पाठ : टॉलरन्स – किती चालेल आणि कुठे थांबेल?

मुलांनो आणि वडीलधाऱ्या मंडळींनो, आजचा शब्द कारखान्यातला आहे.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. ते म्हणत, "नेमकं माप कागदावर असतं, लोखंडावर नसतं." म्हणून २५ मिलिमीटरच्या दांड्याच्या नकाशावर मापापुढे ±०.०२ असे लिहितात. २४.९८ पासून २५.०२ पर्यंतचा दांडा पास, त्यापलीकडचा बाद. या सुटीला टॉलरन्स म्हणतात. सूट फार दिली तर यंत्र खडखडते. मुळीच दिली नाही तर एकही दांडा पास होत नाही. म्हणजे सूट हवी आणि तिला हद्दही हवी.

माणसांतही तसेच. लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ 'सोसणे' असे आहे. आपल्या 'सहिष्णुते'तल्या 'सह्' धातूचा अर्थही तोच.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावाने नाव ठेवले, पण नावे ठेवली नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.

आता आयर्लंड पाहा. १९०४ साली लिमरिकमध्ये एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनांनंतर ज्यू व्यापाऱ्यांवर बहिष्कार पडला आणि अनेक कुटुंबे शहर सोडून गेली. मायकेल डेव्हिट या आयरिश नेत्याने त्याचा उघड निषेध केला. पुढे १९३७ च्या राज्यघटनेत, कलम ४४ मध्ये, देशातल्या धर्मसमाजांबरोबर ज्यू समाजाचाही नावाने उल्लेख झाला. १९५६ साली रॉबर्ट ब्रिस्को हे ज्यू गृहस्थ डब्लिनचे लॉर्ड मेयर झाले. वेगळा सण, वेगळे जेवण, वेगळा सुटीचा वार हे सगळे हद्दीच्या आत. शेजाऱ्याची भाकरी तोडणे हद्दीच्या बाहेर. तिथे डेव्हिटसारखे बोलायचेच असते.

आता माझी चूक सांगतो. याच वर्गात एक मुलगी म्हणाली, "मी केलं खाल्लं." मी तिला 'ळ' तीनदा म्हणायला लावला. वर्ग हसला, मीही हसलो. पुढचे दोन रविवार ती आली नाही. घरी बसून विचार केला, तिने केळेच खाल्ले हे आम्हा सर्वांना कळले होते. दांडा पास होता, मीच बाद ठरवला. 'ळ' हळूहळू येईल, पण मूलच गेले तर 'ळ' कोणाला शिकवणार? ती परत आली तेव्हा मी सर्वांसमोर तिची माफी मागितली.

वडीलधाऱ्यांनो, चूक जरूर सांगा, पण हसू नका. मुलांनो, आम्ही दुरुस्त केले तर रुसू नका. थोडी सूट दोन्हीकडून लागते.

स्वाध्याय
१. टॉलरन्स म्हणजे काय? घरातल्या एखाद्या वस्तूचे उदाहरण द्या.
२. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' वाक्यांत वापरा.
३. आजी-आजोबांना विचारा : तुमच्या शेजाऱ्यांनी तुमचे काय चालवून घेतले? पाच ओळी लिहा. 'ळ' चुकला तरी चालेल.