चारीचं गेट आणि विज्ञान प्रदर्शनातली मोटर



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की जळगाव-धुळ्याच्या दुकानांत पालकांचा पहिला प्रश्न असतो, "मोटर केवढ्याला?" खरं तर मोटर सगळ्यांत शेवटी घ्यायची. आधी वहीत लिहा: किती ओझं, किती अंतर, किती वेळात. नाहीतर परीक्षकांसमोर मॉडेल अडकतं आणि लेकराचा चेहरा पडतो.

उदाहरण शिवारातलंच घेऊ. गिरणेचा जामदा कालवा असो की पांझरेचा पाट, लहान चारीवरचं लोखंडी गेट आठवा. पाटकरी वरचं चाक फिरवतो, आट्यांचा दांडा गेटला सरळ वर ओढतो. गोल फिरण्यातून सरळ हालचाल मिळते.

आता ओझं. मुलं गेटचं वजन सांगून मोकळी होतात. पण पाणी गेटला आडवं दाबतं ना! १ मीटर रुंद गेटसमोर १ मीटर खोल पाणी असेल, तर सरासरी खोली अर्धा मीटर. म्हणून ९८०० × ०.५ × १ = ४९०० न्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलोचा भार. या दाबाने गेट खाचेत घासतं. घर्षणांक ०.४ धरला तर उचलताना २०० किलो जादा! कोरड्या पाटात सहज उठणारं गेट भरल्या पाटात का हटत नाही, हे मुलांना फळ्यावरच कळतं.

मग दांडा. हार्डवेअरच्या दुकानातला ८ मिमीचा साधा आट्यांचा रॉड एका फेऱ्यात १.२५ मिमी सरकतो. गेट १० सेंमी उचलायला ८० फेरे. मिनिटाला ६० फेऱ्यांची मोटर ८० सेकंद घेईल. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो ८ मिमी चालीचा स्क्रू तेच काम साडेबारा फेऱ्यांत करतो. मुलं लगेच तोच मागतात! पण आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. कन्नड घाटासारखी वळणं घेत गेलं तर चढ सोपा, वाट लांब. उभ्या चढाला मोटरचा जोर जास्त लागतो, आणि वीज गेली की गेट घसरून खाली येऊ शकतं. बारीक आटे भार धरून ठेवतात. गेटसाठी मी तेच घेईन.

खाचांकडेही बघा. रुंद, पण आत कमी शिरलेला ड्रॉवर एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो. म्हणून दांडा गेटच्या मधोमध लावा.

दुकानात जाण्याआधी मॉडेलमध्ये पाणी भरा, गेटला ताणकाटा अडकवा आणि हळू वर ओढा. सर्वांत मोठा आकडा टिपा, त्याची दुप्पट करा आणि तेवढं ओझं उचलेल अशी मोटर मागा.