धनगरी पिलूं घरीं आणतांना

भोसरी, चिंचवड, चाकण ह्या टापूंत पूर्वीं जेथें मेंढरें चरत, तेथें आज पुष्कळ ठिकाणीं कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि माळ व शेतें एकामागून एक त्याच्या नकाशांत गेलीं. तरीही दिवाळीनंतर कोंकणांत उतरणारे व पावसापूर्वीं परतणारे धनगरांचे वाडे, घोड्यांवर बिऱ्हाड लादून, पुणें जिल्ह्याच्या वाटांवर आजही दिसतात. त्यांच्या कुत्र्यांचा गांवकुत्र्यांशीं सहजच संकर होतो. कोठें फाटकाजवळ, कोठें उपाहारगृहाच्या मागें अशीं पिलें सांपडतात. प्राणिमित्र संस्था तीं उचलून, त्यांचें औषधपाणी करून, इच्छुक कुटुंबांस दत्तक देतात. मुलें हट्ट धरतात आणि आईबाप विचारांत पडतात. त्यांनीं विचारांत पडावें, हेंच बरें.

मेंढपाळाचा कुत्रा म्हटला कीं इंग्रजी पुस्तकांतील लांब केसांचा कोली डोळ्यांपुढें येतो. तो मेंढरें वळवितो, हाकतो, एकत्र करितो. आपल्याकडील धनगरी कुत्र्याचें काम निराळें आहे. मेंढरें वळविण्यास धनगराची हांक व काठी पुरेशी असते. कुत्र्यावर राखणीचा भार असतो. रात्रीं मेंढरें वाघुरींत, म्हणजे जाळीच्या कुंपणांत, कोंडलीं कीं तो बाहेर पडून राहतो आणि लांडग्याची चाहूल लागतांच धन्यास उठवितो. लांडगे आपल्या जिल्ह्याच्या माळांवर अजून आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें! बायबलांतील ईयोबाच्या ग्रंथांत कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. आणि खंडोबाजवळ कुत्रा असतो, हें जेजुरीस जाऊन आलेल्यांस सांगणें नको.

अशा वंशाचें पिलूं इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आलें, तर घरांतील मुलें हाच त्याचा कळप होण्याचा संभव असतो. मग रात्रपाळी आटोपून जिना चढणारा शेजारी त्यास लांडगाच वाटावयाचा! ह्यांत त्याचा अपराध नाहीं. पण शेजाऱ्याची झोप मोडते, हेंही खरें.

तथापि वंशावरून सारें भविष्य वर्तवूं नये. २०२२ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत अमेरिकन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयीं त्यांच्या धन्यांस प्रश्न विचारून, व त्यांपैकीं सुमारें दोन हजारांची अनुवंशद्रव्यें तपासून, त्यांनीं असें दाखविलें कीं एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या स्वभावांत जें अंतर असतें, त्यापैकीं जातीनें उलगडतें तें केवळ ९ टक्के. आज्ञा ऐकण्याची वृत्ति जातीशीं थोडी अधिक निगडित आहे. चटकन् चिडण्याची जवळजवळ नाहीं. तेव्हां "हें अमक्या जातीचें, म्हणून असेंच निघेल," असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विसंबूं नये. तें पिलूं हांकेला येतें काय, अनोळखी हातास भितें काय, हें दोनचार वेळां जाऊन स्वतः पाहावें.

वयाची गोष्ट विशेष महत्त्वाची. स्कॉट व फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं ग्रंथ लिहिला. तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत पिलूं ज्यांच्या संगतींत असतें त्यांस तें आपलें मानूं लागतें, असें त्यांस आढळलें. म्हणून आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं त्यास आईपासून तोडूं नये. आणि घरीं आणल्यावर माणसें, वाहनें, कारखान्याचा भोंगा ह्यांची ओळख हळूहळू पण वेळेवर करून द्यावी. लसी मात्र पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें टोंचून घ्याव्या; पिसाळ रोगाची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यांत देतात व पुढें ती वेळच्या वेळीं पुनः द्यावी लागते. पिलाचा दांत खेळतां खेळतां जरी लागला, तरी जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मार बसेल ह्या भीतीनें मुलें असा चावा लपवितात, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

राहिला हिशेब. कुत्रा दहाबारा वर्षें सहज जगतो. आज आठवींत असलेला मुलगा तेव्हां नोकरीस लागलेला असेल. घरीं राहणार आई किंवा आजी. तेव्हां दोन्ही वेळां त्यास फिरावयास कोण नेणार, सुटींत गांवीं जातांना तें कोणाकडे राहणार, हें त्यांच्याच तोंडून आधीं ऐकून घ्यावें. न झेपल्यास तें ज्या संस्थेकडून आणलें तिच्याच हातीं परत द्यावें. रात्रीं गाडींतून नेऊन महामार्गावर सोडून देणें हा, १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, गुन्हा ठरूं शकतो.