कॉड माशांचा समुद्र

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाजवळ १४९७ साली कॉड मासे इतके विपुल होते की, जॉन कॅबटच्या खलाशांनी ते टोपल्यांनी उपसले, असे सांगतात. पुढे मच्छीमार ते खारवून, वाळवून टिकवीत. १९५४ मध्ये मात्र ब्रिटनचे ‘फेअरट्राय’ जहाज आले. मासळी चिरून गोठविण्याचा कारखानाच त्याच्या पोटात होता! झटपट गोठविल्यास बर्फाचे कण बारीक राहतात व मांस भुसभुशीत होत नाही. ही विद्या चांगलीच. परंतु सोव्हिएत रशिया, स्पेन आदी देशांची अशी जहाजे तेथे दीर्घकाळ मुक्काम करू लागली. माशांना वाढण्यास उसंत मिळेना. १९६८ साली सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. पुढे कॅनडाची जहाजेही त्यात उतरली. अखेर १९९२ मध्ये बंदी आली. हजारो मच्छीमारांची उपजीविका गेली. २०२४ मध्ये बंदी उठली, तेव्हा वर्षाला अवघ्या १८,००० टनांची मुभा मिळाली.