आधी काकूंना विचारा

पोट्टेहो, सर गेले, पण त्यांचा फोटो बॅनरवर टाकायची घाई करू नका. आधी त्यांच्या घरी जा आणि काकूंना विचारा. तेरवी होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा नको. पाहुणे गेले, मंडपवाला भांडी घेऊन गेला, की मग जा. दोघंच जा. दहा जण गेलात तर काकू चहाच करत बसतील. श्रद्धांजली सभा घेतलेली चालेल का, फोटो कोणता लावायचा, कोणाला व्यासपीठावर बसवायचं नाही, हे विचारा. आणि उठताना विचारा, सरांना काय आवडलं नसतं? सकाळी मैदानावर शिट्टी, दिवसभर शाळा, संध्याकाळी वॉर्डातल्या नळासाठी नगरपरिषदेत भांडण, अशा माणसाचा वेळ घरच्यांच्या वाट्याला फार कमी आलेला असतो. त्याची सभासुद्धा गावानं परस्पर ठरवून टाकली, की त्यांना ते लागतं. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

सभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, दुपारी. आपल्याकडे संध्याकाळी सहाची वेळ टाकायची पद्धत आहे, ती पांढरकवड्यातल्या लोकांच्या सोयीची. सरांची अर्धी पोरं टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या खेड्यांतली, कोलामांच्या वस्त्यांवरची, पोडांवरची, पाटणबोरीकडची. बाजाराला ती येतातच. पण शेवटची एसटी हुकली तर अंधारात घरी कशी जाणार? २०१८ साली अवनी वाघिणीच्या वेळी दिवस मावळला की लोक रस्त्यावर पाय टाकत नव्हते. ती गेली, पण वाघ काही संपले नाहीत. आणि पुढारी उशिरा येणार असतील तर खुशाल उशिरा येऊ द्या, सभा वेळेवर सुरू करा. सर कोणासाठी मॅच थांबवत होते काय?

आता वक्त्यांचं बघा. ज्याला त्याला माइक दिला, की ‘अजातशत्रू’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ आणि ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ हे तिघं आलेच म्हणून समजा. सर अजातशत्रू नव्हते. नगरपरिषदेत दोन तरी माणसं त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हती, आणि त्यातला एक सभेला नक्की येणार. त्याला बोलू द्या, सगळ्यांत खरं तोच बोलेल.

बाकीच्यांकडून एकेक प्रसंग आधीच काढून घ्या. त्याची एक युक्ती आहे. ‘सर कसे होते?’ असं विचारू नका, माणूस लगेच निबंध सांगायला लागतो. ‘सर तुझ्यावर कधी भडकले होते?’ असं विचारा. मग जागा, वेळ, अंगातला शर्ट, सगळं बाहेर येतं. रमाकांत आचरेकर सरांचंच घ्या ना. त्यांच्या थोरवीवर काय कमी बोललं गेलं? लोकांच्या ध्यानात राहिलं ते स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं. सचिनला बाद करणाऱ्या बॉलरला ते मिळायचं, आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याला. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. तुमच्या सरांचंही असं काहीतरी असेल, ते हुडका. जो नापास झाला, ज्याला टीममधून काढलं, शाळेतला शिपाई, यांच्याकडे ते सापडतं. बक्षीसवाल्यांकडे सहसा नाही. पोडावरची एखादी पोरगी कोलामीत बोलणार असेल तर बोलू द्या, कोणीतरी मराठीत सांगेल. वेळेसाठी सरांचीच शिट्टी घ्या. कबड्डीत रेडला ३० सेकंद असतात, भाषणाला तीन मिनिटं पुरे. तिसऱ्या मिनिटाला शिट्टी, मग माइकवर कोणी का असेना.

मौन पाळणार असाल तर नीट पाळा. आपल्याकडे दोन मिनिटं म्हणतात आणि पंचवीस सेकंदांत ‘ओम शांती’ होते. मोझरीला गुरुकुंजात एकदा जाऊन या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला लाखोंचा समुदाय एकदम गप्प होतो. लेकरू रडलं तर तेवढंच ऐकू येतं. तिथं घड्याळ पाळतात, म्हणून ते होतं. तुम्हीही एकाच माणसाच्या हाती घड्याळ द्या आणि माइक बंद करा, नुसता खाली ठेवू नका.

सभा झाली की खरं काम लागतं, ते कागदांचं. ते लांबवलं तर पहिल्या पावसाळ्यात निम्मं वाळवी खाते. काकूंची परवानगी घेऊन सरांचं कपाट उघडा. स्कोअरशीट, टीमच्या याद्या, प्रमाणपत्रांच्या प्रती, जिल्हा संघटनेची पत्रं, काही टाकू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत कोण खेळलं याचा कागद एखाद्या पोराला उद्या लागेल, आणि तो फक्त सरांच्या कपाटात असेल. फोटो लॅमिनेट करू नका, नंतर ते सोडवता येत नाही आणि फोटो जातो. मागे बॉलपेननं लिहू नका, वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. साल आठवत नसेल तर जुन्या माणसाला साल विचारू नका, त्या वर्षी काय झालं होतं ते विचारा. बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हाचा की त्याच्या आधीचा, एवढं विचारलं की तो २०१७ च्या अलीकडे की पलीकडे हे बरोबर सांगतो.

नगरसेवक म्हणून त्यांनी काय केलं हे आठवणींवर सोडू नका. आठवणीत प्रत्येक नळ त्यांनीच आणलेला असतो. सभांची इतिवृत्तं नगरपरिषदेत असतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. कोणत्या ठरावावर ते एकटेच विरोधात उभे राहिले, हे तिथं सापडलं तर सापडलं. तसा एक ठराव दहा भाषणांना भारी.

पुतळ्याचं खूळ कोणी काढेल. त्याच्या परवानगीची फाइल जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाते आणि वर्षानुवर्षं फिरते. गाडगेबाबांचं नाव घेऊन झाडू मारणारी माणसं मी पाहिली, पुतळ्याखाली कचरा टाकणारीही पाहिली. पुढे जाऊ.

स्पर्धा भरवायची असेल तर तारीख हुशारीनं धरा. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस, राज्यात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. पण आपल्याकडच्या काळ्या मातीत जुलैत पाऊस पडला की बैल चालत नाही, तिथं रेड कोण टाकेल? शिवाय डवरणी-निंदणीचे दिवस. दिवाळीत आश्रमशाळेची पोरं घरी जातात आणि कापूस वेचणीत अडकतात, लवकर परत येत नाहीत. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. उरतो संक्रांतीचा आठवडा. १५ जानेवारीला खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, तो आता राज्याचा क्रीडा दिन आहे. त्याला लागून येणारा रविवार धरा. मैदान पुरुषांचं १३ बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. दोन्ही वेगळी आखा. एकाच आखणीवर फक्कीनं आतली रेघ ओढून मुलींना खेळवलं, की दुपारी कोणती रेघ कोणाची यावर भांडण होतं. हातभर उंचीचे चषक आणू नका. त्याच पैशात बूट येतात.

वर्गणीही अशीच मागायला निघू नका. नोंदणी नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळवाल्यांना विचारा. ट्रस्ट काढायचा तर तीन वर्षं स्पर्धा चालवून दाखवा, मग काढा. पहिल्याच महिन्यात अध्यक्ष-उपाध्यक्ष झाले, की दुसऱ्या वर्षी दोन स्पर्धा होतात.

सरांच्या नावाचीच काळजी असेल तर अमरावतीचं बघा. तिथं अंबादास आणि अनंत वैद्य या भावांनी १९१४ साली व्यायामशाळा काढली, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पोरांनी देशी खेळ तिथं करून दाखवले. पुढे मंडळाच्याच प्रभाकरराव वैद्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या भागातले कितीतरी पीटी मास्तर तिथूनच शिकून आले. तिथल्या आजच्या पोराला त्या भावांची नावं सांगता येतील की नाही, देव जाणे. मैदान मात्र रिकामं नाही.

तुमचं मैदान सध्या रिकामं आहे. किल्ली शिपायाकडे आहे, मी विचारून ठेवलं. शालेय स्पर्धेचे प्रवेश अर्ज भरायचे आहेत, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे तिन्ही गट. दरवर्षी ते सर भरायचे आणि मुख्याध्यापक फक्त सही करायचे. जन्मदाखले, आधार आणि फोटो पोरांकडून आजच मागवा. पोडावरच्या दोघींचे दाखले नसतील, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत आधी जावं लागेल, कोण जातं ते आत्ताच ठरवा. बॅनरवाल्याला सोमवारी सांगितलं तरी चालतं.