सम्यक आजीविका : सांगणारा आणि विकणारा



सदरमधील आमच्या विहारात एका रविवारी वंदना आटोपल्यावर एक मुलगी मागे थांबली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील ऑटो चालवितात. साडी कशी नेसावी, केस कसे बांधावे अशा लहान लहान चित्रफिती ती मोबाईलवर टाकीत असते. आपली मुले त्यांना रील म्हणतात. त्या पाहणारे ३० हजारांवर लोक आहेत. अशा माणसाला हल्ली इन्फ्लुएन्सर म्हणतात. तर एका क्रीमवाल्याने तिला डबी पाठविली आणि ८ हजार रुपये देऊ केले. काय बोलायचे तेही लिहून आले होते : मी तीन आठवडे हे क्रीम लावते आहे, पाहा माझा रंग किती उजळला! डबी घरी येऊन दोनच दिवस झाले होते.

"मग हे बोलणार का?" मी विचारले.

"काकाजी, मी तं फक्त सांगून राहिली, विकून थोडीच राहिली?"

तिच्या या एका वाक्यावरच आजचा पाठ आहे. कारण ती खोडसाळपणे बोलली नव्हती, तिला तसे मनापासून वाटत होते. आणि कॉलेजची फी भरायची होती, हेही विसरून चालणार नाही.

अकोला आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर. तेथील एका कुटुंबाची हकिकत २०२३ साली वर्तमानपत्रांतून पुढे आली. एका विद्यार्थिनीने ओळखीच्या ब्युटी पार्लरमधून गोरे होण्याचे क्रीम घेतले. रंग उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून आईने लावले, बहिणीने लावले. पुढे तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांच्या मदतीने शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

पारा हे विष आहे. कातडीत रंग तयार होण्याची क्रिया तो अडवितो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. लावणे थांबविले की रंग पुन्हा पहिल्यासारखा होतो. पण तोवर पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात गेलेला असतो. तेथली गाळणी बिघडते, लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय व चेहरा सुजतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या अशा एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याचे क्रीम लावीत होते. समाधान एवढेच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला.

आता अकोल्याच्या त्या घराकडे पुन्हा पाहा. आईला व बहिणीला ते क्रीम कोणी विकले? कोणत्याही कारखानदाराने येऊन व्याख्यान दिले नव्हते. घरच्या मुलीचा उजळलेला चेहरा हीच जाहिरात झाली. त्या बिचारीला तर त्यात काय आहे हे ठाऊकही नव्हते. आपल्या विहारातील मुलीचा चेहरा ३० हजार घरांत जाणार आहे, आणि तोही पैसे घेऊन.

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. विषाचा व्यापारी म्हणजे केवळ गल्ल्यावर बसलेला इसम नव्हे. माल बनविणारा, पोचविणारा, आणि ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक डबी उघडते तो, या सर्वांच्या हाती त्या डबीचा पैसा येतो. शेवटच्याचे काम तर सर्वांत मोलाचे. माल कोणीही बनवील, विश्वास बनविता येत नाही. म्हणून तो भाड्याने घेतात.

क्रीम अगदी निर्दोष निघाले तरी चौथे शील मोडतेच. दोन दिवसांचे तीन आठवडे करणे हा मुसावाद होय. पैसे घेतल्याचे लपविणे हाही त्याचाच धाकटा भाऊ, कारण पाहणारीला वाटते की आपली एक बहीण आपल्याला हिताचे सांगते आहे.

कायदाही हेच म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करण्यास वर्षभर बंदीही घालता येते. मात्र ज्याने आधी योग्य ती चौकशी केली होती त्याला या शिक्षेतून सूट आहे. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचीच शिफारस करावी, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये, पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात, अशा शिफारस करणाऱ्यांना सारखेच जबाबदार धरले.

येथे आपल्या घरातलेही थोडे बोलले पाहिजे. दीक्षा घेतल्यावर आपण अंगारा-धुपारा सोडला, भगताकडे जाणे सोडले. पण वधू-वर मेळाव्याच्या कागदावर 'मुलगी गोरी हवी' ही ओळ अजून राहिलीच आहे. ज्या वर्णाच्या नावाने आपल्या आजा-पणजांना गावाबाहेर ठेवले, त्याच्याच रंगाची भीड आपण पोरींच्या मनात ठेवली, तर क्रीमवाल्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. त्या डबीवरची 'फेअर' अक्षरे एका मोठ्या कंपनीने २०२० साली पुसली. आपल्या कागदावरची कधी पुसणार?

डबी हाती आली तर काय पाहावे? उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटकांची यादी. यांतले काही नसेल तर ती लावू नये. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराईड असे शब्द दिसले, अथवा 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लावू नये' अशी सूचना असली, तर पारा आहे असे समजावे. आपल्या देशात २०२० च्या नियमांनुसार पारा घालून प्रसाधने बनविण्यास मनाई आहे. क्रीममध्ये नकळत राहिलेला अंशही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. पण पारा घालणारा कारखानदार डबीवर तसे छापीलच असे नाही, म्हणून आठ-पंधरा दिवसांत गोरे करणाऱ्या कोणत्याही क्रीमवर संशय घ्यावा. ज्यांनी असे क्रीम लावले आहे व ज्यांचे पाय सुजतात त्यांनी लाजू नये. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात जाऊन लघवी तपासून घ्यावी आणि डबी सोबत न्यावी. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

राहुलाला तथागतांनी शिकविले होते की कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, यात मला किंवा दुसऱ्याला पीडा आहे काय? मी त्या मुलीला ही गोष्ट सांगितली आणि डबीवरचा परवाना क्रमांक शोधायला सांगितले. डबीवर तो नव्हता. तिने कंपनीला मोबाईलवरूनच विचारले. पहिल्या दिवशी उत्तर आले की बाकीच्या मुली असे काही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून उत्तर नाही.

८ हजार गेले. फीपैकी ३ हजार विहारातल्या महिला मंडळाने उसने दिले आहेत, उरलेल्यासाठी वडिलांनी महिन्याची मुदत मागितली आहे. मुलगी आता त्या डबीचीच रील करायची म्हणते, नाव झाकून. मी म्हटले, आधी परीक्षा होऊ दे.