विजेच्या कापडाचा नमुना: करायला किती, पाठवायला किती?

सामानाचे साठेक रुपये आणि टपालाचे सत्तर. ठाण्याच्या वर्तकनगरात घरी बसून वीज वाहणाऱ्या कापडाचे नमुने करायचे आणि इतर कारागीर-संशोधकांशी त्यांची देवाणघेवाण करायची, तर नगामागे सामानाला आणि पाकिटामागे टपालाला एवढा खर्च येतो. पण नमुना एकच करून भागत नाही. फ्रान्समधल्या ई-टेक्स्टाइल समरकॅम्पमध्ये रुळलेली पद्धत अशी: गटात जितकी माणसं, तितक्या प्रती प्रत्येकाने करायच्या आणि एकाकडे पाठवायच्या. तो सगळ्यांचे नमुने एकेक घालून वह्या बांधतो आणि प्रत्येकाला एक वही मिळते.

दहा जणांचा गट धरू. प्रती बारा करा, दोन तपासणीत खर्ची पडतात. पहिला नमुना सोपाच असावा: टिचबटण लावलं की एलईडी लागेल अशी पट्टी.

दर दुकानागणिक बदलतात, तरी अंदाज असा. अर्धा मीटर कोरं सुती कापड ६० रुपये. ओळखीच्या शिंप्याकडची कातरणं मिळाली तर तेही वाचतील. स्टीलच्या वीजवाहक धाग्याचं रीळ ३०० ते ४००, कारण हा धागा बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. एलईडी ४०, नाण्यासारख्या सेलचे होल्डर १२०, टिचबटणं ३०, तपासणीपुरता एक सेल ५०, कार्डपेपर आणि पाकिटं ६०. एकूण ६६० ते ७६०. मल्टिमीटरचे दोन-तीनशे वेगळे, पण तो एकदाच घ्यायचा आणि त्यात काटकसर करायची नाही. एलईडी आणि होल्डर लॅमिंग्टन रोडवर स्वस्त पडतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा; रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात.

मीटर बाजारात जातानाही जवळ ठेवा. वीजवाहक धाग्याऐवजी जांभळी नाक्याच्या बाजारात जरीचा धागा मागितला तर चकचकीत रिळं समोर येतात, पण त्यातली प्लास्टिकची जर वीज नेत नाही. तिचा धातूचा थर पारदर्शक लेपाखाली असतो. तांब्याच्या तारेची जर मात्र नेते. मीटर ‘बीप’वर ठेवून दोन्ही टोकं धाग्याला टेकवा: आवाज आला तरच घ्या. टिचबटणांचंही तेच, रंग दिलेली नकोत.

जरीचा हा उपयोग नवा नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९०च्या दशकात कापडावर सर्किट उभारलं, ते रेशमावर धातूची पत्री गुंडाळलेल्या धाग्याच्या ऑर्गेंझावर, आणि हे कापड भारतातलंच. आपल्याकडच्या जरीकामाचे नमुने अशा वह्यांत असायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

शिवताना धाग्याची सुटी टोकं आखूड कापा आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाका. एक तंतू जरी पलीकडच्या ओळीला चिकटला, तरी शॉर्ट होऊन दिवा लागत नाही.

टपालात सेल घालू नका. लिथियमचा सेल विमानाच्या टपालात धोकादायक माल ठरतो. कार्डावर सेलचा क्रमांक, सीआर२०३२, लिहिला की घेणारा आणून लावेल. ऑक्टोबर २०२५च्या दरांनुसार ५१ ते २५० ग्रॅमच्या स्पीड पोस्टला २०० किलोमीटरपर्यंत ५९ रुपये आणि दोन हजारांपलीकडे ७७, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ७० ते ९१. परतीच्या वहीचं टपालही प्रत्येकाकडून आधीच घ्या, नाहीतर बांधणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते. मंडळी ठाणे-कल्याण-डोंबिवलीतलीच असतील तर स्टेशनवर भेटून पाकिटं द्यावीत.

कार्डावर धाग्याचा प्रकार, तो कुठून घेतला, मीटरमागे किती ओहम भरला आणि टाक्यांचा नकाशा एवढं हवंच. धुतल्यावर नमुना किती टिकतो याचे रीतसर आकडे कुणाला लागले, तर घाटकोपरच्या ‘बीटीआरए’त, म्हणजे बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये, पैसे भरून कापडाच्या चाचण्या होतात, दर आधी विचारा.

सर्वांत मोठा खर्च मात्र या हिशेबात आलेलाच नाही. हाताने शिवायला नगाला अर्धा तास धरला, तरी बारा नगांना सहा तास लागतात. देवाणघेवाणीत त्याची फेड इतरांच्या सहा-सहा तासांनी होते. पण एखाद्या संस्थेने किंवा कंपनीने नमुने नुसतेच मागितले, तर सामानाच्या रकमेवर शिलाई लावा, आणि ती शेजारच्या ताईंकडून करून घेतली असेल तर त्यांची मजुरी पाकीट टपालात टाकण्याआधी चुकती करा.