अर्धी गाडी धुळ्याची

चि. बापूस धुळ्याहून मामाचे अनेक आशीर्वाद.

काल पहाटे अडीचला ताईचा फोन आला. इकडे अडीच म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे अकरा. पाचोऱ्याच्या सोयऱ्यांचा मुलगा ड्युसेलडॉर्फला आहे, त्याच्याकडून बातमी फिरत फिरत जळगावात पोचली होती : बापू कोलोनच्या स्टेशनावर एकटाच बसलाय, मांडीवर चटईच्या नमुन्यांची बॅग, फोन बंद, मशीनवाल्यांची पाचची भेट हुकलेली. सकाळी तुझा फोन लागला तेव्हा तू आईला एवढंच म्हणालास, "गाडी लेट होती."

गाडी लेट नव्हती, बापू. मामाने त्या मुलाला नीट विचारलं. हॅनोव्हरहून निघालेली ती लांबलचक गाडी म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन गाड्या असतात. हाम नावाच्या स्टेशनावर त्या सुट्या करतात. अर्धी एसेनवरून ड्युसेलडॉर्फला जाते, अर्धी हागेन, वुपरटाल करत कोलोनला. आतून एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जाता येत नाही. तू घाईत समोर दिसलेल्या दारातून चढलास, आणि हामला तुझा डोळा लागलेला होता.

खोटं बोलायला तुला आयतं कारण मिळालं, कारण तिथल्या गाड्या खरोखरच लेट असतात. २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या जेमतेम ६२-६३ गाड्या वेळेवर पोचल्या, आणि तेही ६ मिनिटांच्या आतला उशीर धरायचा नाही या हिशेबाने. युरोपात गाडी तासभर लेट झाली तर तिकिटाचे पाव पैसे परत मागता येतात, दोन तास झाली तर निम्मे. आपल्याकडे गाडी ३ तासांहून जास्त लेट असेल आणि प्रवासच केला नाही, तर टीडीआर भरून पैसे परत मिळतात. पण आपल्या चुकीने भलत्या गावी पोचलो, तर त्याचा परतावा कुठल्याच देशात नाही.

कोलोनहून ड्युसेलडॉर्फ अर्ध्या तासावर. गाड्या सारख्या असतात. पाचची भेट गेली, गेली. तू ज्यासाठी गेलास ते ड्युसेलडॉर्फचं 'के' प्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं, १९५२ पासून भरतंय, जगभरातले प्लास्टिकवाले तिथे येतात. सहाला फोन करून "चुकलो, उद्या सकाळी येऊ का" म्हणाला असतास तर कोणी हाकललं नसतं. तू फोन बंद करून अकरापर्यंत बाकावर बसून राहिलास. का? आईने काय गिळलं असतं तुला?

जळगाव एमआयडीसीत रात्रपाळीत प्लास्टिकचा दाणा वितळवणाऱ्या माणसांना विचार, मशीन बंद पडलं की ते मालकाला झोपेतून उठवतात की सकाळपर्यंत लपवतात. लपवलं तर सगळा माल वाया जातो. हे तुला शिकवायला मामा कशाला हवा.

आता एक गोष्ट. ताईलाही ठाऊक नाही.

१९८७. आपला शेंगदाणा तेलाचा धंदा होता, आणि मुंबईची वसुली घेऊन तुझा मामा परत येत होता, बावीस वर्षांचा. तेव्हा मुंबईच्या गाडीला धुळ्याचे डबे वेगळे लागायचे. चाळीसगावला ते कापायचे आणि दुसरं इंजिन त्यांना धुळ्याला आणायचं. मामा मित्रांबरोबर पत्ते खेळत पुढच्या डब्यात बसला आणि तिथेच झोपला. जाग आली ती भुसावळला. चाळीसगाव मागे, पाचोरा मागे, जळगावही मागे. पैसे कमरेला होते तसेच होते, पण घरी पोचायला दुपार झाली.

आजोबा पहाटेपासून धुळे स्टेशनावर उभे होते. त्या वयात, उपाशी. मामा उतरला आणि वर त्यांच्यावरच खेकसला : "गाडी लेट झाली तर काय करू? कशाला यायचं एवढ्या लांब?" ते काही बोलले नाहीत. पिशवी हातातून घेतली आणि रिक्षा बोलावली.

ते गेल्यावर तेराव्याला स्टेशनवरचा एक म्हातारा हमाल जेवायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी डबे टायमावर आले होते. तुमच्या वडिलांनी एकेक डबा आत जाऊन पाहिला, बाकांखालीसुद्धा वाकून पाहिलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. चौदा वर्षं माहीत होतं.

मामाला वाटायचं, आपण त्यांची काळजी वाचवली. खरं तर त्यांना "चुकलो" एवढं ऐकायचं होतं, आणि आता ते कोणाला ऐकवायचं? म्हणून तुझं ते "गाडी लेट होती" कानावर पडलं आणि रात्री झोप आली नाही. गाडी लेट नव्हती हे ताईलाही माहीत आहे, बापू. ती तुला विचारणार नाही. बापाचीच लेक ती.

मामा जरा जास्तच बोलला. परक्या मुलखात, भाषा येत नाही, बाहेर अंधार, माणूस गांगरतो. तू पहिल्यांदाच गेलास आणि एकटा गेलास, आपल्या घरातून एवढ्या लांब धंद्याला कोणी गेलं नव्हतं. पुढच्या वेळी दाराशेजारच्या पाटीवर गाव वाच, फलाटावर अ-ब-कसारखी अक्षरं लावलेली असतात, आपला डबा कोणत्या अक्षरासमोर येणार ते आधी बघ. बास. नवं मशीन नाही जमलं तर नाही जमलं. जुन्यावर चटया निघतातच आहेत.

पोटाला नीट खातोस का? ताईने दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली असेल तर सांग, तो सोयऱ्यांचा मुलगा काहीतरी सोय करेल.

हे पत्र वाचून झालं की मामाला नको, आईला फोन कर. मुंबईहून कोणत्या गाडीने जळगावला येतोस तेही तिला सांग. मामा आदल्या दिवशीच धुळ्याहून येऊन थांबेल. डबा क्रमांक कळव, म्हणजे शोधावा लागणार नाही.

तुझा मामा